तळपायांचा नकाशा काढणाऱ्या इंगहॅमबाई

युनिस इंगहॅम डॉक्टर नव्हत्या. त्यांनी कधी शस्त्रक्रिया केली नाही, प्रयोगशाळा चालवली नाही. तरीही आज एखाद्या रुग्णालयात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेशी बसून कोणी त्याचे तळपाय दाबत असेल आणि त्याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणत असेल, तर दाबण्याची ती रीत आणि त्यामागचा रंगीत नकाशा या दोन्ही गोष्टी बहुतांशी या अमेरिकन बाईंकडून आलेल्या असतात. हा नकाशा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. प्रदर्शनात मिळणाऱ्या ॲक्युप्रेशरच्या चपलांच्या खोक्यावर तो असतो, काही उपचार केंद्रांच्या भिंतीवर असतो. अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसे, कमानीत जठर आणि आतडी, टाचेत कटिभाग. बघणाऱ्याला वाटते, हे कुठल्या तरी जुन्या पौर्वात्य पोथीतले ज्ञान असणार. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या थडग्यातल्या एका चित्राचाही दाखला दिला जातो. त्यात काही माणसे दुसऱ्यांचे हात-पाय धरून बसलेली दिसतात. पण पाय धरणे वेगळे आणि पायात यकृत शोधणे वेगळे. तळपायाचा हा तपशीलवार नकाशा विसाव्या शतकातला आहे, अमेरिकेतला आहे, आणि त्याचा उगम एका कान-नाक-घशाच्या सर्जनच्या खोलीत आहे.

त्या सर्जनचे नाव विल्यम फिट्झजेराल्ड. जन्म १८७२चा. व्हरमाँट विद्यापीठाची वैद्यकीची पदवी, बॉस्टन सिटी हॉस्पिटलात काम, मग लंडन आणि व्हिएन्ना इथला अनुभव, आणि शेवटी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलच्या नाक-घसा विभागाचे प्रमुखपद. त्या काळी नाकातल्या छोट्या शस्त्रक्रियांसाठी कोकेनचे द्रावण लावून जागा बधिर करत. फिट्झजेराल्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतल्या कडेवर कापूस गुंडाळलेल्या सळईने नुसता दाब दिला, तरी काही रुग्णांना कोकेन लावल्यासारखेच बधिर वाटते. मग त्यांनी शरीरावर इतरत्र दाब देऊन पाहायला सुरुवात केली. बोटांना रबरबँड गुंडाळायचे, कपड्यांचे चिमटे लावायचे, हातात धातूचा कंगवा घट्ट धरायला सांगायचे. त्यातून त्यांनी सिद्धांत मांडला, की डोक्यापासून हातापायांच्या बोटांपर्यंत शरीराचे दहा उभे पट्टे पडतात, आणि एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातले दुखणे कमी होते. याला त्यांनी झोन थेरपी म्हटले. एडविन बॉवर्स या डॉक्टरांनी १९१५मध्ये एका लोकप्रिय मासिकात यावर लेख लिहिला आणि १९१७मध्ये दोघांचे पुस्तक आले. शंका घेणाऱ्यांची खात्री पटवायला ते हातावर एका ठिकाणी दाब देत आणि मग त्याच पट्ट्यातल्या चेहऱ्यावर सुई टोचून दाखवत. प्रयोग म्हणून हे नाट्यमय होते; पुरावा म्हणून फारसे नव्हते. सुई टोचणार आहे हे माहीत असलेला, पण दुखणार नाही असे आधीच सांगितलेला माणूस काय अनुभवेल, याचा विचार त्यात नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शरीराच्या एका भागातले दुखणे दुसऱ्याच ठिकाणी जाणवते, हे पूर्णपणे खरे आहे. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, पित्ताशयाला सूज आली की उजव्या खांद्याशी कळ येते. लंडनचे हेन्री हेड यांनी १८९३मध्येच आतल्या अवयवांच्या विकारात त्वचेचे कोणते भाग हळवे होतात, हे काळजीपूर्वक नोंदवले होते. त्याचे कारण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहे: अवयवाकडून आणि त्वचेकडून येणाऱ्या संवेदना तिथे एकाच पातळीवर पोहोचतात आणि मेंदूची पत्त्यात गफलत होते. पण हेड यांचे पट्टे मुख्यतः छाती-पोटाभोवती आणि पाठीवर आडवे जातात. यकृताचा तळव्याशी असा काही धागा त्यात सापडत नाही. फिट्झजेराल्ड यांचे उभे पट्टे शरीररचनेतल्या कोणत्याही ज्ञात मार्गाशी जुळत नव्हते, आणि त्यांच्या बहुतेक व्यवसायबंधूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. जोसेफ शेल्बी रायली यांनी मात्र ही कल्पना उचलली. १९१९मध्ये त्यांनी झोन थेरपीवर स्वतःचे पुस्तक काढले, पट्ट्यांना आडवे छेद दिले आणि पायावरच्या बिंदूंची चित्रे काढली. रायली फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे उपचार करत. तिथेच १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिस इंगहॅम त्यांच्या हाताखाली काम करत होत्या.

इंगहॅमबाईंचा जन्म २४ फेब्रुवारी १८८९चा. म्हणजे ज्या कामामुळे त्यांचे नाव राहिले, ते सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. मालिश आणि व्यायामाचे उपचार हा त्यांचा व्यवसाय. दिवसभर माणसांच्या अंगावरून हात फिरवण्याच्या या कामात त्यांना जे कळले, ते फिट्झजेराल्ड यांना चिमट्यांतून कळले नव्हते: पाय हा शरीराचा फार बोलका भाग आहे. हातावर रोजच्या कामाचे घट्टे पडतात. पण बूट घालणाऱ्या माणसाचा तळवा हळवा राहतो, दाबल्यावर नेमके कुठे दुखते ते लगेच सांगतो. त्यांनी हात सोडून पायांवरच लक्ष एकवटले.

सुरुवातीला त्यांची पद्धत जरा अघोरीच होती. पायावरची हळवी जागा शोधायची, तिथे कापसाचा बोळा ठेवून वरून चिकटपट्टी लावायची आणि रुग्णाला चालायला लावायचे, म्हणजे प्रत्येक पावलाला दाब पडेल. काही जणांना बरे वाटले. पण काहींना तो सततचा मारा सोसेना. मग बाईंनी बोळे काढून टाकले आणि अंगठा वापरायला सुरुवात केली. अंगठा टेकवायचा, पेरातून वाकवायचा, थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा दाबायचा. एखादी अळी चालते तशी ही चाल. दाब येतो आणि जातो, त्यामुळे जागा बधिर होत नाही, उलट जागी होते, असे त्यांचे निरीक्षण होते. फिट्झजेराल्ड यांना बधिरता हवी होती. इंगहॅमबाईंनी तो हेतूच बदलला. उपकरणे गेली, माणसाचा हात आला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, त्यांच्या नकाशापेक्षाही.

नकाशा मात्र त्यांना अधिक प्रिय होता. शेकडो पाय दाबून पाहताना कोणत्या रुग्णाला कुठे दुखते आणि त्याचा आजार काय, याची त्या सांगड घालत गेल्या, आणि हळूहळू दोन्ही तळव्यांवर मिळून एक अख्खे शरीर उभे राहिले. उजव्या पायावर उजवे अंग, डाव्यावर डावे. आतल्या कडेने पाठीचा कणा. अंगठ्याखाली कणकण लागल्यासारखे वाटले, तर ते मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले स्फटिक आहेत आणि ते फोडून काढायचे, असे त्या मानत. तसे स्फटिक तिथे कोणाला सापडलेले नाहीत. घरच्या माणसांवरही प्रयोग चालत. न्यूयॉर्क राज्यातल्या कोनीसस सरोवराकाठी कुटुंबाची माणसे जमत, तेव्हा दमा आणि गवताच्या परागांची ॲलर्जी असलेला त्यांचा भाचा ड्वाइट बायर्स हा हक्काचा रुग्ण असे. आपल्याला आराम पडला, असे तो मोठेपणी सांगत असे. पण अशा ॲलर्जीचा जोर ऋतू सरला की आपोआपही ओसरतो.

१९३८मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले, ‘स्टोरीज द फीट कॅन टेल’. पाय ज्या गोष्टी सांगू शकतात त्या, असा नावाचा अर्थ. पुस्तक साधे, बोलक्या भाषेतले, अवयवांच्या क्रमाने जाणारे आणि आत्मविश्वासाने भरलेले. डॉक्टरांना त्यात रस नव्हता. सामान्य माणसांना होता. मग बाई पुस्तके बरोबर घेऊन अमेरिकेतल्या गावोगाव फिरू लागल्या. एखाद्या सभागृहात माणसे जमवायची, नकाशा दाखवायचा, समोरच्या कोणाचे तरी पाय मांडीवर घेऊन प्रात्यक्षिक करायचे, आलेल्यांना शिकवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. हे एकदोन वर्षे नाही, जवळजवळ तीस वर्षे चालले. मधे १९५१मध्ये दुसरे पुस्तक आले, पायांनी सांगून झालेल्या गोष्टींचे. सुरुवातीला त्या या पद्धतीला दाब-मालिश अशा अर्थाचे नाव देत. पुढे थेरपी या शब्दावर फिजिओथेरपिस्ट मंडळींनी हरकत घेतली आणि म्हणून रिफ्लेक्सॉलॉजी हे नाव पक्के झाले, असे सांगितले जाते. ड्वाइट आणि त्याची बहीण युसेबिया मेसेंजर यांनी १९६०च्या दशकात शिकवण्याचा भार उचलला. युसेबिया प्रशिक्षित नर्स होती. इंगहॅमबाई ऐंशीच्या घरात पोहोचेपर्यंत शिकवत राहिल्या आणि १० डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी वारल्या.

ही पद्धत रुग्णालयात शिरली ती मुख्यतः नर्सच्या हातून. जर्मनीत हाने मार्क्वार्ट या नर्सच्या हाती १९५८मध्ये इंगहॅमबाईंचे पुस्तक पडले आणि त्यांनी ते आपल्या रुग्णांवर करून पाहायला सुरुवात केली. पुढे त्यांनी तिथे या शिक्षणाची मोठी शाळाच उभी केली. ब्रिटनमध्ये डोरीन बेली यांनी अमेरिकेत बाईंकडे शिकून ही विद्या नेली.

नर्सना यात रस का वाटला असेल, ते शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र ज्याने पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. वेदनाशामक घड्याळाप्रमाणे मिळते. पण दोन मात्रांच्या मधले तास रुग्णाला एकट्यानेच काढायचे असतात. झोप लागत नाही, मळमळते, टाक्यांची धास्ती वाटते, कूस बदलायची भीती वाटते. पोटावर पट्टी, बाजूने नळी, हाताला सलाईन, नाकाला ऑक्सिजन. जवळच्या माणसाला त्याला स्पर्श करावासा वाटतो, पण हात कुठे ठेवायचा ते समजत नाही. अशा वेळी शरीराचा जो भाग बहुतेकदा मोकळा असतो, रुग्णाला न हलवता ज्याच्यापर्यंत पोहोचता येते, तो म्हणजे पाय. पायांचे हे व्यावहारिक महत्त्व इंगहॅमबाईंच्या नकाशात कुठेच नाही, पण त्यांची पद्धत रुग्णालयात टिकण्याचे खरे कारण तेच असावे.

आता प्रश्न, याचा उपयोग किती? अमेरिकेत २००४मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १८ रुग्णांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेदनाशामक दिल्यानंतर एक ते चार तासांच्या दरम्यान दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांना प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे एकूण वीस मिनिटे मालिश केली. शून्य ते दहा या मोजपट्टीवर वेदना सरासरी ४.६५वरून २.३५वर आली; नाडी आणि श्वासाची गतीही उतरली. आकडे सुखावणारे आहेत. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि ही साधी मालिश होती, तिच्यात अवयवांचे बिंदू धरलेले नव्हते.

तुलनेच्या गटाचा आग्रह का धरायचा? कारण शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण रोज थोडाथोडा बरा होतच असतो. पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी कमी दुखते, चौथ्या दिवशी आतड्यांची हालचाल पूर्वपदावर येऊ लागते, पाचव्या दिवशी झोप लागते. त्या काळात तळपाय दाबले, ताईत बांधला किंवा काहीच केले नाही, तरी आलेख खालीच येणार. इंगहॅमबाईंकडे हे मोजण्याचे साधन नव्हते आणि कदाचित तशी शंकाही त्यांना आली नाही. त्यांच्या नंतर ज्यांनी मोजले, त्यांच्यात स्वित्झर्लंडमधला १९९०च्या दशकाच्या अखेरचा एक अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. पोटाची स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया झालेल्या १३० स्त्रियांपैकी काहींना नकाशाप्रमाणे रिफ्लेक्सॉलॉजी दिली, तर काहींना पाय आणि पोटऱ्यांची साधी मालिश. साधी मालिश रुग्णांना आरामाची, सुखाची वाटली. रिफ्लेक्सॉलॉजीचे परिणाम मात्र संमिश्र निघाले, काही तर नको असलेले; क्वचित पोटात दुखू लागण्याचाही संभव दिसला. पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णांना ती देऊ नये, असाच निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

नकाशाचीही परीक्षा झाली. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, दोन जाणकार रिफ्लेक्सॉलॉजिस्टना १८ जणांचे पाय तपासायला दिले. कोणाला कोणता आजार आहे हे त्यांना सांगितले नव्हते. पायांवरून ते त्यांना ओळखता आले नाही, आणि एकाच पायाबद्दल दोघांचे मतही फारसे जुळले नाही. पुढे एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९मध्ये तोवरच्या १८ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक उपचार आहे असे खात्रीने म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यानंतर इराण आणि तुर्कस्तानातल्या परिचर्या महाविद्यालयांतून शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर बरेच छोटे अभ्यास आले. त्यांतल्या अनेकांत वेदना आणि चिंता कमी झाल्याचे दिसते. पण पाय दाबले जात आहेत की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, ही अडचण प्रत्येकात आहेच.

मग उरते काय? उरते ती मालिश, आणि ती कमी नाही. त्वचेवरच्या सौम्य दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात आडकाठी करतात, ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडली. ठेच लागल्यावर आपण ती जागा नकळत चोळतो, त्याचे एक स्पष्टीकरण यात मिळते. शिवाय वीस मिनिटे कोणी तरी घाई न करता आपल्यापाशी बसले आहे, या जाणिवेनेही श्वास संथ होतो. आपल्या घरांतून काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळण्याची जी रीत आहे, तिनेही माणसे गाढ झोपतात. त्यासाठी वाटीखाली मूत्रपिंड आले की प्लीहा, याची विचारपूस कोणी करत नाही.

धोका नकाशावर विसंबण्यात आहे. टाचेतला अमुक बिंदू दुखतो म्हणजे टाके आतून भरत नाहीत, असे कोणी सांगितले तर रुग्ण विनाकारण हादरतो. त्याहून वाईट म्हणजे पायात सगळे ठीक आहे असे ऐकून वाढता ताप, जखमेतून येणारा पू किंवा फुगत चाललेले पोट याकडे दुर्लक्ष होते. मालिशने बरे वाटते म्हणून वेदनाशामक स्वतःच्या मनाने बंद करणेही चूकच. दुखणे दाबून धरणारा रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, आणि छातीत कफ साठतो.

घरच्या माणसांनी पाय दाबण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा नर्सला एकदा विचारावे. सर्वांत महत्त्वाची शंका रक्ताच्या गुठळीची. शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्याने पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर तिला हात लावायचा नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तर ती आणीबाणीच. बायपासमध्ये पायाची शीर काढली असेल तर तो पाय टाळावा. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला किती जोर पडतो ते कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जोराच्या दाबाने काळेनिळे डाग पडतात. जखम, फोड किंवा बोटांमध्ये बुरशीचा संसर्ग असेल तर तिथे मालिश नको.

हे काही नसेल तर हात धुऊन, नखे कापलेली आहेत ना ते पाहून, तळव्यापासून घोट्यापर्यंत पाच-दहा मिनिटे सावकाश, न दुखवता दाबावे. पोटरी सोडून द्यावी. रुग्णाने पाय ओढून घेतला की थांबावे. तेल लावले असेल तर त्याला उठवण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून घ्याव्यात. रुग्णालयाची फरशी गुळगुळीत असते, आणि रात्री स्वच्छतागृहाकडे निघालेला, गुंगीतला रुग्ण तेलकट पायाने घसरला तर एका शस्त्रक्रियेच्या दोन व्हायला वेळ लागत नाही.